रिवाइंड केलेली डीपी रिकामीच तापते: तक्रार

प्रति,
सेवा व्यवस्थापक,
ट्रान्सफॉर्मर दुरुस्ती विभाग

विषय: 100 केव्हीए ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये टर्न (तारेचे वेढे) कमी असल्याबाबत

महोदय,

मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या डाळ मिलची 11 केव्ही/433 व्होल्टची डीपी, म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर, तुम्ही रिवाइंड करून (नव्याने तार गुंडाळून) दिली. मिल बंद असली तरी तिची टाकी गरम लागते. रात्री शेतीपंपांचा लोड उतरून लाइनचा व्होल्टेज चढला, की घरघर पार रस्त्यापर्यंत येते. आमचा मिस्त्री ऐकूनच म्हणाला, "भाऊ, हे तं रिकामीच तापून राहिली."

तुमच्या इंजिनिअरनी मेगर लावला, रेशो (दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजचं प्रमाण) घेतला आणि 'ओके' असा शेरा मारला. रेशो बरोबर आहे, याबद्दल वाद नाही. एचटीला (11 केव्हीच्या बाजूला) 415 व्होल्ट दिले की एलटीला (433 व्होल्टच्या बाजूला) फेज-न्यूट्रल 9.4 व्होल्ट मिळतात. पण दोन्ही बाजूंचे टर्न सारख्याच प्रमाणात कमी भरले तरी रेशो तोच येणार! आणि मेगर फक्त इन्सुलेशन सांगतो.

म्हणून परवानाधारक ठेकेदाराकडून राहिलेल्या दोन टेस्ट करून घेतल्या. ओपन सर्किटला एचटी मोकळी ठेवून जनरेटरवरून एलटीला 433 व्होल्ट दिले. मूळ कारखान्याच्या सर्टिफिकेटवर नो-लोड (लोड नसतानाचा) करंट 2.7 अँपिअर आणि लॉस 260 वॅट आहे. आता सरासरी करंट 9 अँपिअर आणि लॉस 410 वॅट. मधल्या फेजचा करंट मुळातच थोडा कमी असतो, तो धरूनच ही सरासरी आहे. वॅटमीटर लो पॉवर फॅक्टरचा, म्हणजे अशा टेस्टसाठीचाच होता, तेव्हा मीटरकडे बोट दाखवू नये.

कोअर (आतला लोखंडी गाभा) बसवताना जोडात फट राहिली असेल, असं तुम्ही म्हणाल. फटीनेही नो-लोड करंट वाढतो, खरं आहे. मग शॉर्ट सर्किट टेस्टचं काय? एलटी शॉर्ट करून एचटीला 415 व्होल्ट दिले. नेमप्लेटवरच्या 4.5 टक्के इम्पिडन्सप्रमाणे (करंटला होणाऱ्या आतल्या अडथळ्याप्रमाणे) 4.4 अँपिअर यायला हवे होते, आले 5.2. म्हणजे इम्पिडन्स 3.8 टक्क्यांवर उतरला. कोअरच्या फटीने हा आकडा असा घसरत नाही. तो टर्नच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो आणि त्या हिशोबाने सुमारे आठ टक्के टर्न कमी भरतात. टर्न कमी म्हणजे त्याच व्होल्टेजला कोअरमध्ये फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) जास्त. घरघर आणि नो-लोड करंट दोन्ही त्यातूनच.

फोनवर टॅप (एचटीचे टर्न थोडे कमी-जास्त करायची सोय) बदलायचा सल्ला मिळाला. टॅप चढवून आवाज कमी होईलही, पण एलटीचा व्होल्टेज उतरेल आणि भरल्या मिलमध्ये मोटारी जादा करंट ओढतील. तो उपाय मला नको.

आमचं मीटर एचटी बाजूला आहे. त्यामुळे जादा 150 वॅट, म्हणजे वर्षाला तेराशेवर युनिट, आमच्याच बिलात. त्याहून मोठी काळजी मे महिन्याची. अकोल्याकडे पारा 45 च्या वर गेला की तेलाला थंड व्हायला जागाच उरत नाही.

जुनी कॉइल उकलताना तुम्ही टर्न मोजले असतीलच. त्या जॉब कार्डाची प्रत द्यावी. टाकी माझ्यासमोर उघडून टर्न मोजावेत आणि वॉरंटीत, मूळ संख्येप्रमाणे, पुन्हा वाइंडिंग करावं. नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा. डीपी परत देताना दोन्ही टेस्टचे आकडे अँपिअर आणि वॅटमध्ये सर्टिफिकेटवर लिहून हवेत. नुसत्या 'ओके' शेऱ्यावर मी सही करणार नाही.

आपला ग्राहक,
डाळ मिल चालक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

सोबत: मूळ सर्टिफिकेट, दोन्ही टेस्टचे अहवाल आणि दुरुस्तीचं बिल यांच्या प्रती