संगणक कक्षातल्या सरांना, इतिहासाच्या शिक्षकांकडून

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

सातवी-आठवीच्या इतिहासाच्या तासांना तुम्ही संगणक कक्ष मोकळा करून देता, त्याचे आभार आहेतच. पण जाहीर आभार मानायचे आहेत ते तुमच्या हट्टाचे. नुसतं दाखवायचंच असेल तर वर्गातला प्रोजेक्टर पुरे, इथे मुलांच्या हातून काम झालं पाहिजे, हा तो हट्ट. गोव्यातल्या इतर शाळांनाही उपयोग व्हावा म्हणून तपशिलात लिहितो आहोत.

पहिलं काम कालपटाचं. मुलं एक्सेलमध्ये घटना आणि तारखा भरतात, चढता क्रम लावतात, आणि गोवा आधी मुक्त होतो, तो जिंकून घेणारा पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्क मागाहून येतो! याचं कारण तुम्ही उलगडून दाखवलंत. एक्सेलचं कॅलेंडर 1 जानेवारी 1900 ला सुरू होतं. 19/12/1961 ही त्याच्या लेखी तारीख, म्हणजे आतून एक आकडा. 25/11/1510 हा मात्र निव्वळ मजकूर. क्रम लावताना आकडे आधी येतात, मजकूर नंतर. खूण सोपी आहे: आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. पोर्तुगीजांविरुद्धच्या पिंटोंच्या बंडासाठी तारखेच्या रकान्यात नुसतं 1787 टाकलं, तर ते बंड 1904 सालात जाऊन बसतं, कारण 1900 पासून मोजत गेलं की 1787 वा दिवस तिथे पडतो. (याच एक्सेलला 29 फेब्रुवारी 1900 ही कधीच न उजाडलेली तारीख मात्र खुशाल चालते.)

तुमचा उपाय असा: वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने, त्यांत साधे आकडे, आणि सॉर्ट करताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. महिना ठाऊक नसेल तर चौकट रिकामी सोडायची. ती नोंद त्या वर्षाच्या शेवटी जाते, एवढं मुलांना आधी सांगून ठेवायचं. आमच्या मते या रिकाम्या चौकटीच सगळ्यात कामाच्या. 1668 साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला, हे लिहिताना नेमका दिवस कोणता आणि तो कुठे नोंदलेला आहे, हे मुलं आपणहून विचारू लागतात.

दुसरं काम नकाशाचं. गुगल अर्थ प्रो उघडून ‘ॲड’मधून ‘इमेज ओव्हरले’ घ्यायचं आणि डच प्रवासी लिन्शोटेनच्या 1596 च्या ग्रंथातला गोवा शहराचा नकाशा आजच्या जुन्या गोव्यावर ठेवायचा. पारदर्शकता निम्म्यावर आणून, हिरव्या खुणा ओढत मांडवीचा काठ जुळवायचा. काठ जुळला की दुसरी बाजू सरकते. इथे थांबायचं. ताणूनताणून बसवायच्या भानगडीत पडू नये. तो नकाशा आजच्यासारखा मोजणी करून काढलेला नाही, आणि मुलांनी बघायचं आहे तेही हेच. फाईल केएमझेड म्हणून सेव्ह करावी. केएमएल केली तर तिच्यात चित्र येत नाही, चित्राचा पत्ता तेवढा येतो, आणि शेजारच्या संगणकावर नकाशाच्या जागी काहीच दिसत नाही.

काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी वेळोवेळी जिंकलेले मुलूख, रंगवताना आजच्या तालुक्यांच्या सीमा फसवतात. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी म्हटल्यावर मुरगाव कोरा राहतो. तो पूर्वी सासष्टीतच होता. फोंडा 1763 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, म्हणून या दोघांना वेगळ्या छटा दिल्या की ‘साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राज्य’ हे वाक्य सगळ्या गोव्याला लागू पडत नाही, हे सांगावं लागत नाही.

टंकलेखन इन्स्क्रिप्टनेच, म्हणजे युनिकोडच्या मराठी कळफलकानेच, करून घ्यावं, हेही तुमचंच म्हणणं. जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. ‘मुक्ती’ हा शब्द सी, जी, के, डी, एल, आर या कळांनी उमटतो. डी म्हणजे पाय मोडायची कळ, ती हाताला बसली की जोडाक्षरांची भीती जाते.

एका संगणकावर तिघं: एक माऊसवर, एक पुस्तक घेऊन, एक वहीत टिपणारा, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. न बदलल्यास माऊस एकाच्याच हातात राहतो.

आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतरची तुमची फेरी. दमट हवेने अडून बसलेल्या संगणकाची रॅम काढून तिची सोनेरी टोकं खोडरबराने पुसायची, आधी वायर काढून. घड्याळ मागच्या एखाद्या सालात गेलं असेल तर सीआर 2032 चा गोल सेल बदलून तारीख लावायची; नाहीतर इंटरनेट चालू असूनही संकेतस्थळं उघडत नाहीत, कारण त्यांची सुरक्षा-प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात. इतिहासाच्या तासाला संगणकच भूतकाळात गेलेला असणं आम्हाला परवडणारं नाही, म्हणून चार सेल आमच्या कपाटात आणून ठेवले आहेत. लागतील तेव्हा हक्काने मागा.

देव बरें करूं.

आपले,
इतिहास शिकवणारे सहकारी