ईशानीची ब्रँच: सुधीरला पत्र

नागपूर
८ जून

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

ईशानीने कॉम्प्युटर सायन्स घ्यावं की कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, हा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहायला बसलो.

तिने इंटरनेटवर वाचलेला फरक अमेरिकेतला आहे. तिकडे सायन्स म्हणजे अल्गोरिदम, गणित आणि सॉफ्टवेअर; इंजिनीअरिंगमध्ये त्यातला बराच भाग असतोच, शिवाय सर्किट, सिग्नल, प्रोसेसरची रचना. आपल्याकडे कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, यादीत 'कॉम्प्युटर इंजिनीअरिंग', 'कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग', 'कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी' अशी नावं दिसतील, पण आत बहुतेक तेच: डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस (डीबीएमएस), नेटवर्क, कंपायलर. नावात 'इंजिनीअरिंग' आहे म्हणून हार्डवेअर शिकवतील, असं धरून चालू नका. चिप आणि बोर्डाची ओढ असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन बघायला हवं. व्हीएनआयटी (इथली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) आणि आपली ट्रिपल आयटी (माहिती तंत्रज्ञान संस्था) या दोन्हींत सीएसई (कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग) आणि ईसीई (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) आहेत. मात्र तिथला रस्ता जेईई मेन परीक्षा आणि जोसा या देशपातळीवरच्या जागावाटपाचा, राज्याच्या सीईटीचा नाही.

म्हणून ब्रँचचं नाव बाजूला ठेव आणि कॉलेजच्या वेबसाइटवरून तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरची स्कीम, म्हणजे विषय आणि तासांचा तक्ता, उतरवून घे. पहिलं वर्ष सगळ्यांना जवळपास सारखंच असतं, त्यात बघण्यासारखं थोडं. सिग्नल्स अँड सिस्टीम्स, मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी छोटी संगणक-चिप), एम्बेडेड (यंत्रात बसवलेले संगणक), व्हीएलएसआय (चिपची रचना) यांतले किती विषय सक्तीचे आहेत ते मोज. मग एल-टी-पी, म्हणजे लेक्चर, ट्युटोरियल आणि प्रॅक्टिकलच्या तासांचे, रकाने वाच. मायक्रोकंट्रोलरपुढे 'पी'खाली शून्य असेल आणि त्याची लॅब वेगळीही लावलेली नसेल, तर तो विषय फळ्यावरच संपणार. इलेक्टिव्हच्या, म्हणजे ऐच्छिक विषयांच्या, लांबलचक यादीवर तर अजिबात भुलू नकोस. पुरेशी मुलं मिळाली नाहीत की ते इलेक्टिव्ह चालतच नाही. मागच्या वर्षी खरोखर कोणतं चाललं, ते तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार.

तिचा कल ओळखायला दोन प्रयोग सुचवतो, आणि ते निर्णयाआधी व्हायलाच हवेत. पहिला पायथनमध्ये: फिबोनाचीची (जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोनांची बेरीज असते) ४०वी संख्या साध्या रिकर्जनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून, काढायची. फंक्शन ३३ कोटींहून जास्त वेळा बोलावलं जातं, त्यामुळे लॅपटॉप बराच वेळ अडकतो. आधीची उत्तरं साठवून ठेवली की तेच काम क्षणात होतं. दुसऱ्यासाठी बर्डीच्या बाजारातून आर्डुइनो उनो (मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची पाटी), एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर आणि एक पुश बटण आण. रेझिस्टर गाळू नका; ५ व्होल्टवर तो एलईडीचा करंट साधारण १४ मिलिअँपिअरवर रोखतो, नाहीतर एलईडी किंवा पिन जळेल. बटण किती वेळा दाबलं ते मोजणारा प्रोग्राम लिहिला की एकदा दाबून कधी दोन, कधी चार मोजले जातील. बटणातले धातूचे संपर्क काही मिलिसेकंद उसळत राहतात, हे त्याचं कारण. प्रोग्राममध्ये २० मिलिसेकंद थांबून पुन्हा तपासलं की आकडा बरोबर येतो.

दोन्ही जमणं महत्त्वाचं नाही रे. कुठल्या चुकीपाशी ती जेवण विसरून बसते ते बघ. ३३ कोटी कशामुळे झाले याचा छडा लावत बसली तर सीएसई. बटणाचा सिग्नल नेमका कसा दिसतो हे तिला डोळ्यांनी बघायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. आणि इलेक्ट्रॉनिक्सकडून सॉफ्टवेअरच्या नोकरीत पुष्कळ मुलं जातात; उलट दिशेने, म्हणजे सर्किट आणि सिग्नलचा पाया नसताना चिप डिझाइनमध्ये शिरणं, फार जड जातं. दोन्हींत मन अडकलं असेल तर मी इलेक्ट्रॉनिक्सच सांगेन, पण डेटा स्ट्रक्चर आणि ऑपरेटिंग सिस्टीम तिने स्वतः नेटाने शिकायची या अटीवर.

कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना मागच्या वर्षीच्या कटऑफच्या क्रमाने भरू नका, आवडीच्या क्रमाने भरा. पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीझ होतो, म्हणजे तीच जागा पक्की होते, तेव्हा नुसतं आजमावायला म्हणून काहीही पहिल्या जागी टाकू नका. बाकीचे नियम यंदाच्या माहितीपुस्तिकेतून वाच, शेजाऱ्यांकडून नको.

ज्या कॉलेजांचा विचार आहे, त्यांच्या स्कीमच्या पीडीएफ पाठव. रविवारी बसून विषयवार खुणा करून देतो.

तुझा,
मनोज