पैसे काढायचं कलम आधी वाच

प्रिय बाळा,

काल रात्री तू दोन खात्यांच्या माहितीपत्रकांचे फोटो पाठवलेस आणि खाली एवढंच लिहिलंस, "आई, सात टक्केवालं घेते, चालेल ना?" मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण हो किंवा नाही म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. सकाळी दोन्ही पत्रकं मोठी करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, वहीत आकडेमोड केली आणि आता लिहायला बसले आहे. फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत. कागदावर असले की तुला परत परत बघता येतील.

दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकायची हे तू पहिल्याच पगाराला ठरवलंस, याचं मला फार कौतुक वाटलं. मला ही सवय लागायला बरीच वर्षं गेली. म्हणूनच पहिल्याच खात्यात तुझा हिरमोड होऊ नये असं मनापासून वाटतं.

आधी सात टक्क्यांचं बघू. दरमहा १०० टाकलेस असं धर, म्हणजे हिशेब सोपा जाईल. तुझी रक्कम जितकी पट असेल तितक्या पटीने पुढचे आकडे वाढव. वर्षाचे १२०० झाले. त्यावर सात टक्के म्हणजे ८४ व्याज, असं तू मनात धरलं असशील. सगळेच तसं धरतात. पण तुझे १२०० काही वर्षभर खात्यात पडून नसतात. पहिला हप्ता बारा महिने राहतो, दुसरा अकरा, तिसरा दहा, असं करत शेवटचा जेमतेम एक महिना. बारापासून एकपर्यंतची बेरीज कर, ७८ येते. म्हणजे १०० ही एकच रक्कम ७८ महिने ठेवल्यावर जेवढं व्याज होईल तेवढं तुझं व्याज. सात टक्क्यांनी ते होतं साडेपंचेचाळीस. चक्रवाढीने त्यात थोडीशी भर पडेल, पण ८४ च्या जवळपासही जाणार नाही. यात कुणी फसवत नाही बरं. प्रत्येक हप्त्याला त्याच्या त्याच्या मुदतीपुरते सात टक्केच मिळतात. फक्त हप्त्याने भरलेल्या पैशाचं व्याज हे एकरकमी ठेवीच्या व्याजाच्या साधारण निम्मं असतं, एवढं डोक्यात पक्कं ठेव. नाहीतर वर्षाच्या शेवटी खात्यातला आकडा बघून वाईट वाटतं.

(ऑफिसात कुणीतरी तुला बहात्तरचा नियमही सांगेल: ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतात ते कळतं. नियम खरा आहे आणि जुनाही. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली तो लिहून ठेवला. पण तो एकदम ठेवलेल्या रकमेचा आहे. हप्त्यांना तसाच्या तसा लावू नकोस.)

आता त्याच हिशेबाने दुसरं, पाच टक्क्यांचं खातं, ज्यातून मध्येच पैसे काढता येतात. ७८ महिन्यांचं व्याज येतं साडेबत्तीस. म्हणजे वर्षभर एकही हप्ता न चुकवता, पैशाला हात न लावता राहिलीस, तर सात टक्केवाल्या खात्यात तुला १३ जास्त मिळतील. १२०० भरल्यावर १३. कमी नाहीत, पण ते १३ कशाच्या बदल्यात मिळतात ते तुझ्या फोटोत सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत लिहिलं आहे. मी चष्मा लावून दोनदा वाचलं: मुदतीआधी थोडी रक्कम काढता येणार नाही, खातं पूर्ण बंद करावं लागेल, आणि बंद केल्यास सुरुवातीपासूनचं व्याज एक टक्क्याने दिलं जाईल.

"सुरुवातीपासूनचं" या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मार. दंड पुढच्या महिन्यांना लागत नाही, तो मागच्या सगळ्या महिन्यांना लागतो.

समज, आठ महिने झाले आणि तुला पैसे लागले. आठपासून एकपर्यंतची बेरीज ३६. सात टक्क्यांनी तोवर २१ व्याज झालेलं असतं, पण खातं मोडल्यावर हातात येतात ३. पाच टक्केवाल्या खात्यात त्याच दिवशी १५ असतील. म्हणजे मुदत पुरी झाली तर १३ चा फायदा, आठव्या महिन्यात मोडलं तर १२ चा तोटा. जवळजवळ बरोबरीचा डाव आहे हा. शिवाय गरज २०० चीच असली तरी सात टक्केवालं सगळं खातं मोडावं लागेल. पाच टक्केवाल्यात २०० काढून बाकीचे ६०० तसेच व्याज खात राहतील. माझ्या मते खरा फरक इथे आहे, दोन टक्क्यांत नाही.

तेव्हा कुठल्या खात्यात व्याज जास्त, हा प्रश्न बाजूला ठेव. येत्या बारा महिन्यांत या पैशाला हात लावावा लागेल का, हे स्वतःला विचार. नोकरी नवी, राहायची जागा नवी, गाठीला दुसरं काही नाही. मला तरी वाटतं, लागेल.

हे मी इतकं ठासून का सांगते ते तुला ठाऊक नाही, कारण तू तेव्हा लहान होतीस. बाबांचं ऑपरेशन अचानक ठरलं त्या वर्षी मी असंच एक जास्त व्याजाचं खातं उघडलं होतं. दहावा महिना चालू होता. पासबुक घेऊन मी खिडकीपाशी गेले. पलीकडच्या बाईंनी शांतपणे नियम दाखवला: खातं बंद करण्याचा अर्ज आज द्या, रक्कम चार कामाचे दिवस सोडून जमा होईल. मध्ये शनिवार-रविवार होता. व्याज गेलं त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. पैसे आपलेच असून वेळेला हाताशी नाहीत, याने मी काउंटरपाशी उभ्या उभ्या रडले. शेवटी मावशीकडून उसने घेतले. ती एका शब्दाने काही बोलली नाही, पण मागायला जाताना माझे पाय जड झाले होते. तुझ्यावर तशी वेळ यायला नको.

म्हणून "पैसे केव्हाही काढा" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं तरी तिथे थांबू नकोस. केव्हाही म्हणजे त्याच दिवशी, की महिनाभर आधी सूचना देऊन? वर्षातून किती वेळा? आणि काढल्यावर व्याजाचं काय होतं? काही खात्यांत वर्षातून दोन-तीनदा काढायची मुभा असते आणि त्यापुढे दर एकदम खाली येतो. काहींत मूळ दर अगदी कमी असतो आणि वरचा सगळा बोनस असतो. ज्या महिन्यात पैसे काढलेस त्या महिन्याचा बोनस गेला. तुझ्या पत्रकात बोनसचं काही नाही, पण आणखी खाती बघशील तर हे हमखास भेटेल.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक विचारतात: व्याज रोजच्या शिलकेवर धरतात की महिन्यातल्या सगळ्यात कमी शिलकेवर? ऐकायला किरकोळ वाटतं, पण बघ. तुझ्या खात्यात १००० आहेत. पगार व्हायला चार दिवस असताना, २९ तारखेला, तू ९०० काढलेस आणि २ तारखेला परत भरलेस. रोजच्या शिलकेवर पाच टक्के असतील तर तुझं नुकसान ९०० वरच्या चार दिवसांच्या व्याजाचं, जेमतेम अर्धा रुपया. पण किमान शिलकेवर असतील तर त्या महिन्याचं व्याज १०० वरच मिळेल, आणि १ तारखेलाही खात्यात १०० च होते म्हणून पुढच्या महिन्याचंही १०० वरच. दोन महिन्यांचे मिळून साडेसात गेले. दर तोच, पैसे तेवढेच दिवस बाहेर, आणि नुकसान पंधरापट. हे पत्रकात नसलं तर तोंडाने विचार आणि उत्तर ईमेलवर मागून घे.

सात टक्केवाल्याच्या बाजूनेही सांगितलं पाहिजे. त्याचा दर बारा महिने पक्का आहे. पाच टक्केवाल्याचा "बदलू शकतो" असं लिहिलंय, म्हणजे तो चार महिन्यांनी साडेतीनही होऊ शकेल. आणि पैसे काढता येत नाहीत हा काहींना फायदाच असतो. महिनाअखेरीला काहीतरी आवडलं की हात आपोआप खात्याकडे जातो, तो तिथे अडतो. तुझा हात कसा आहे हे तुझं तुला माहीत. मी तुला खर्चिक म्हणत नाही. शाळेत असल्यापासून तू पैसे जपून वापरतेस. म्हणूनच कुलुपाची गरज तुला कमी आहे, असं मला वाटतं.

एक गोष्ट फोटो बघताना तुझ्या नजरेतून सुटली असेल: सात टक्के हे एका ठरावीक हप्त्यापर्यंतच आहेत, त्यावरची रक्कम घेतच नाहीत. जास्त दराच्या खात्यांत बहुतेक वेळा असंच असतं. आणि हप्ता चुकला तर काय, तेही वाच; कुठे थोडा दंड असतो, कुठे काही हप्ते चुकले की खातंच बंद करतात. कुठलंही खातं घेतलंस तरी हप्ता आपोआप कापला जाईल असं कर आणि तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेव. महिनाअखेर ठेवलीस तर उरेल तेवढंच जाईल, आणि उरत काही नाही.

मुदत संपते तो दिवस मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेव. त्या दिवशी पैसे निमूटपणे साध्या खात्यात जातात, जिथे नावापुरतं व्याज असतं, आणि कुणी फोन करून सांगत नाही. माझी एक ठेव अशी सात महिने पडून राहिली होती.

बँक बुडाली तर काय, हे बाबा विचारतील, म्हणून आधीच सांगते. बहुतेक देशांत ठेवींना विमा असतो, पण एका माणसाला एका बँकेत ठरावीक मर्यादेपर्यंतच. तुझी रक्कम त्यापेक्षा फार कमी आहे, तेव्हा ही बँक त्या विम्यात आहे ना एवढं बघितलंस की पुरे. व्याजावर कर लागतो का तेही एकदा पाहून घे. आणि महागाई पाच टक्क्यांनी वाढत असेल तर पाच टक्के व्याज म्हणजे पैसे आहेत तिथेच राहिले, वाढले नाहीत. या खात्याकडून श्रीमंतीची अपेक्षा मीही करत नाही. अडीअडचणीला स्वतःचे पैसे स्वतःच्या हाताशी असावेत, एवढ्यासाठी ते आहे. वाढवायचे पैसे निराळे, त्यांचं आपण पुढे बोलू.

तर माझं मत असं. यंदा पाच टक्केवालं घे, रोजच्या शिलकेवर व्याज असेल तर. त्यात तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत दुसरीकडे बघू नकोस. तेवढे जमले की त्यापुढचा हप्ता खुशाल सात टक्केवाल्यात टाक, तेव्हा ते कुलूप तुला टोचणार नाही, कारण अडचणीचे पैसे बाहेरच असतील. आत्ताच दोन्हीकडे टाकायचं असेल तर शंभरातले सत्तर मोकळ्या खात्यात आणि तीस कुलूपबंद, याहून जास्त नको.

सोमवारी बँकेत जाशील तेव्हा तीन गोष्टी विचारून ये: पैसे मागितल्यावर किती दिवसांत हातात येतात, काढल्यावर त्या महिन्याचं व्याज कसं धरतात, आणि दर बदलला तर आधी कळवतात का. उत्तरं लिहून घे, देणाऱ्याचं नाव आणि तारीख टाक. मग मला फोन कर, वही मी उघडीच ठेवते.

जेवणखाण वेळेवर कर.

तुझी,
आई