बारिंगोचे जिराफ आणि आपला पऱ्या

प्रिय दिग्या,

फोनवर मी गप्प झालो, त्याचा राग धरू नकोस. ‘पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यावरून वरच्या वाडीवर केस टाकतोय’ म्हणालास तेव्हा हुबेहूब तुझ्या आज्याचा आवाज ऐकू आला. माझी पाठ बरी आहे.

नुकताच बारिंगो सरोवरावर जाऊन आलो, इथून नैरोबीहून उत्तरेला. तिथे पोकोट आणि इल्चामुस या दोन जमाती शेजारी राहतात. गुरं पळवण्यावरून, चराईवरून पिढ्यान्‌पिढ्या मुडदे पडलेत. पऱ्याच्या पाण्यावरून डोकी फोडणारे आपण त्यांच्यापुढे काहीच नाही! तरी दोघांनी मिळून ‘रुको’ नावाचं रान राखायला घेतलं, आणि 2011 मध्ये तिथे जिराफ आणले. पुढे सरोवराचं पाणी चढलं, लोंगिचारोच्या टोकाचं बेट झालं आणि जिराफ अडकले. मग रिकाम्या पिंपांवर तरंगणारा लोखंडी तराफा केला. डिसेंबर 2020 मध्ये आसिवा नावाची मादी पहिली पार झाली. एप्रिल 2021 पर्यंत नऊच्या नऊ जिराफ काठावर. तराफ्यावर चढायची सवय लागावी म्हणून बाभळीच्या शेंगा आणि आंबे द्यायचे. आंबे, दिग्या! तुझ्या कलमांवर दगड मारल्याबद्दल तू मला अख्खा मे महिना बोलला नव्हतास.

पहाऱ्याला दोन्हीकडची पोरं एकत्र फिरतात. चोरीची गुरं शोधायलाही तीच जातात, म्हणून अफवा उठली की विचारायला पलीकडे ओळखीचा माणूस असतो. मला हेच मोलाचं वाटतं. सगळं मिटलंय असं नाही. 2023 मध्ये सरकारने बारिंगोत सैन्य उतरवलं. पण जिराफ दोघांचे आहेत, त्यामुळे एकमेकांकडे जावंच लागतं.

आपल्याकडे पऱ्या आहे, पालखी आहे, दोन्ही भांडणाचीच. पण किनाऱ्यावर कासवं येतात ना? वेळासला 2002 पासून गावकरी अंडी कुंपणात राखतात, पिल्लं समुद्रात सोडतात. यंदा कासवमित्र म्हणून खालच्या वाडीतला एक आणि वरच्या वाडीतला एक, अशी जोडी लाव. रात्री एकत्र चालतील तर पाण्याचंही बोलतील. वकिलाला पैसे देण्याआधी एवढं कर, माझी शपथ आहे. खर्चाचं मी बघतो. वरच्या वाडीतल्या बाळाशी मी स्वतः बोलेन, तुला चालणार असेल तर.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिन्मयीला दहावीबद्दल शाबासकी. काकूंना नमस्कार. केसची तारीख घेतली असशील तर आजच कळव.

तुझा,
सुन्या