काकू, पुस्तकांसाठी थँक्यू म्हणायचं राहूनच जात होतं

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणाल येता-जाता भेटतो की आपण, पत्र कशाला. पण भेटलं की चहा होतो, गावाकडच्या गप्पा होतात, तुम्ही डबा भरून देता आणि जे बोलायचं ते राहतं. शिवाय आपल्याकडून इथे नर्सिंगला नव्याने येणाऱ्या मुलामुलींनी पण हे वाचावं असं वाटतं, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय. आयर्लंडच्या साध्या माणसांच्या रोजच्या जगण्यावरची पुस्तकं तुम्ही मला एकामागून एक दिलीत त्याबद्दल मनापासून आभार. आणि नुसती दिली नाहीत, कुठलं आधी वाचायचं कुठलं नंतर हेही सांगितलंत, ते तर त्याहून मोलाचं. इतकी वर्षं लायब्ररीत काढलेलं माणूसच हे करू जाणे.

मी मिरजेहून इथे कॉर्कमध्ये आले तेव्हा आयर्लंडबद्दल शाळेच्या पुस्तकापुरती माहिती, 1916 चा उठाव, बटाट्याचा दुष्काळ, संपलं. आणि म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये ड्युटीवर समोर सगळे ऐंशी-नव्वदीचे आजी-आजोबा. औषधं, बीपी, अंघोळ, जेवण सगळं वेळच्या वेळी व्हायचं, पण बोलायचं काय? पाऊस थांबला, पाऊस आला, याच्यावर किती दिवस बोलणार. हे तुमच्याकडे बोलले तर तुम्ही काही उपदेश केला नाहीत, उठलात आणि कपाटातून अ‍ॅलिस टेलरचं ‘टू स्कूल थ्रू द फील्ड्स’ काढून हातात दिलंत. 1988 चं पुस्तक, याच कॉर्क काउंटीतल्या शेतातलं तिचं बालपण, सोपं इंग्लिश, नाइट ड्युटीत ब्रेकमध्ये दोन-चार पानं झाली तरी चालतात. तुम्ही म्हणालात, हे आधी वाच, कारण तुझे पेशंट याच शेतांतून शाळेत गेलेत.

मग तुम्ही लाइटचं सांगितलंत. इथल्या खेड्यांत वीज न्यायची योजना 1946 साली सुरू झाली, पहिला खांब 5 नोव्हेंबरला डब्लिन काउंटीत किलसॅलहन गावी रोवला, आणि तिथून एकेक भाग करत करत केरी काउंटीतल्या ब्लॅक व्हॅली या खोऱ्यात पोचायला सत्तरचं दशक उजाडलं. म्हणजे माझ्या वॉर्डातल्या जवळजवळ प्रत्येकाला घरात लाइट आल्याचा दिवस आठवतोय! मी एका आजींना सहज विचारलं, तुमच्या घरी लाइट कधी आली हो, आणि काकू, जी बाई मला एरवी ‘येस लव्ह, नो लव्ह’ याच्या पुढे बोलायची नाही ती पाऊण तास बोलली. वडील म्हणायचे बिल कोण भरणार, आईने हट्ट धरला, पहिल्यांदा बटण दाबलं तर कोपऱ्यातली काजळी आणि जाळी सगळी लख्ख दिसली, आई लाजेने दुसऱ्या दिवशी चुना घेऊन भिंतींच्या मागे लागली. आणि येशूच्या ‘सेक्रेड हार्ट’ तसबिरीखाली जो तेलाचा दिवा असायचा त्याच्या जागी छोटा लाल बल्ब आला, तो मात्र रात्रीसुद्धा विझवायचा नाही. तो बल्ब सांगताना त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून केवढा होता ते दाखवलं. नळ मात्र लाइटच्या नंतर कित्येक वर्षांनी आला, तोवर विहिरीवरून बादल्या आणायचं काम बायकांचंच. हे सांगताना आजींचा आवाज जरा चढला आणि मला त्यांचं एकदम पटलं, कारण आमच्याकडे पण हंडे कुणी वाहिले ते मला माहितीये.

यानंतर तुम्ही ब्लास्केट बेटावर नेलंत. केरीच्या पश्चिम टोकाला समुद्रातलं एवढंसं बेट, वस्ती मूठभर, आणि तिथल्या माणसांनी आयरिशमध्ये लिहिलेली आत्मचरित्रं जगभर गेली. टोमास ओ क्रोहन हा मासेमारी करणारा माणूस, आयरिश लिहायला शिकला तो मोठेपणी, त्याचं पुस्तक 1929 ला आलं आणि ‘द आयलंडमॅन’ नावाने इंग्लिशमध्ये गेलं. पेग सेयर्सने तर स्वतः लिहिलं पण नाही, ती सांगत गेली आणि तिचा मुलगा लिहीत गेला, 1936 ला छापलं. वॉर्डात काम करणाऱ्या इथल्या मुलींसमोर मी पेगचं नाव काढलं की त्या कपाळाला हात लावतात, शाळेत सक्तीने वाचावं लागलं म्हणून. मला वाटतं सक्तीने त्या बाईचं फार नुकसान केलं. लहान वयात डिंगल गावी दुसऱ्यांच्या घरी कामाला गेली, मैत्रीण अमेरिकेहून तिकिटाचे पैसे पाठवणार होती ते आलेच नाहीत, लग्न करून बेटावर आली, मुलं गेली, एक तर कड्यावरून पडून गेला, आणि ती हे सगळं सांगते. अशी बाई सोळाव्या वर्षी परीक्षेला नको, तिशी-चाळिशीत वाचायला हवी.

त्या बेटाचा शेवट मात्र मला नर्स म्हणून वाचताना सहन झाला नाही. 1946-47 च्या हिवाळ्यात तिथला एक विशीतला मुलगा मेंदूज्वराने गेला, कारण वादळात होडी निघेना, डॉक्टर येईना, आणि टेलिफोन पण बंद. पुढे नोव्हेंबर 1953 मध्ये सरकारने उरलेल्या माणसांना किनाऱ्यावर आणलं. लोक आता समोरच्या किनाऱ्यावरून त्या पडक्या घरांचे फोटो काढतात, छान येतात फोटो, पण तिथे राहणं म्हणजे काय होतं ते पुस्तकातच कळतं.

आणि मी खेड्याच्या प्रेमात पडतेय असं दिसताच तुम्ही केव्हिन कर्न्सचं ‘डब्लिन टेनमेंट लाइफ’ दिलंत, 1994 चं. जुन्या रहिवाशांना बोलतं करून त्यांच्याच तोंडून लिहिलेलं. 1911 साली डब्लिनच्या मध्यवस्तीत 26,000 कुटुंबं टेनमेंटमध्ये, म्हणजे खोली-खोलीने भाड्याने दिलेल्या जुन्या घरांत, राहायची आणि त्यातली 20,000 एकेका खोलीत! हेनरिएटा स्ट्रीटच्या 14 नंबरच्या एका घरात शंभर माणसं. वाचताना मुंबईची चाळ आठवतेच, पण फरक तुम्ही दाखवलात तो मला फार महत्त्वाचा वाटतो. चाळ मुळात खोल्या भाड्याने द्यायलाच बांधलेली, आणि हे उमरावांचे वाडे, एकेका घराण्यासाठी बांधलेले, छताला नक्षी, भलामोठा जिना, श्रीमंत निघून गेल्यावर मालकांनी एकेक खोली वेगळी करून गरिबांना भाड्याने दिली आणि डागडुजीकडे बघितलं नाही. सप्टेंबर 1913 मध्ये चर्च स्ट्रीटवरची दोन घरं कोसळून सात जण मेले तेव्हा कुठे सरकारने चौकशी लावली.

त्याच दिवशी तुम्ही लॅपटॉपवर 1911 च्या जनगणनेचे फॉर्म उघडून दिलेत, फुकट बघता येतात सगळ्यांना, घराघराचे, हाताने भरलेले. नाव, वय, धंदा, लिहिता-वाचता येतं का, आयरिश येतं का. आणि लग्न झालेल्या बाईपुढे दोन रकाने, जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती. पहिल्यात नऊ, दुसऱ्यात पाच. पुढच्या फॉर्मवर सात, चार. मी कितीतरी वेळ ते दोनच रकाने बघत बसले आणि तुम्ही घाई केली नाहीत, त्याबद्दल पण थँक्यू.

केव्हिन डॅनहरच्या ‘द इयर इन आयर्लंड’चा किस्सा मी तुम्हाला फोनवर अर्धाच सांगितला होता. वर्षभराचे सणवार, रीती, समजुती असं ते 1972 चं पुस्तक. पहिल्या मेला सकाळी आमचे एक आजोबा, डिमेन्शिया आहे, आयुष्यभर गाई पाळलेले, ट्रॉलीवरचं दूध शेजारच्या खोलीत जाऊच देईनात, हात धरून ठेवला माझा. सगळ्यांना वाटलं आज तब्येत बिघडलीय, डॉक्टरांना कळवायचं चाललं होतं. मला एकदम आठवलं की मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातलं दूध, लोणी, विस्तव बाहेर द्यायचा नाही, दिला तर वर्षभराचं लोण्याचं भाग्य त्याच्याबरोबर जातं. मी म्हटलं, आज कुणाला देत नाही बघा, दूध घरातच आहे. ते शांत झाले, हात सोडला, आणि मला विचारलं, तुमच्या घरी किती गाई? आता हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात सांगा.

एक गोष्ट तुम्ही टाळली नाहीत त्यासाठी वेगळे आभार. आई-मुलांच्या त्या संस्था, नन्स चालवायच्या त्या लॉन्ड्र्या, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना जिथे ठेवायचे, तेही वाचलंच पाहिजे म्हणालात. ट्यूअम गावच्या कॅथरीन कॉर्लेस या बाईंनी कुणी सांगितलं नसताना मृत्यूचे दाखले एकेक करून जमवले, तिथल्या अशाच संस्थेत मेलेल्या 796 मुलांचे, आणि त्यातून सगळ्या देशाला या गोष्टीकडे बघावं लागलं. तुम्ही तेव्हा मला बजावलं होतं की हे पेशंटना विचारायचं नाही, कुणी स्वतःहून बोललं तर खुर्ची ओढून बसायचं आणि मध्ये बोलायचं नाही. ते मी पाळते. एकदा बसले पण आहे. काय ऐकलं ते इथे लिहिणार नाही.

काकू, सांगलीची एक मुलगी पुढच्या महिन्यात आमच्याकडे जॉइन होतेय, तिला अ‍ॅलिस टेलर माझ्याकडूनच देऊ का? तुमची कॉपी आहे म्हणून विचारतेय. डॅनहर मात्र मी अजून ठेवून घेते, नोव्हेंबरचा भाग परत वाचायचाय, आणि तुम्ही समासात पेन्सिलने जे लिहिलंय त्यातलं निम्मं अक्षर लागत नाही, तेवढं आल्यावर वाचून दाखवा. काकांना नमस्कार सांगा. शनिवारी ऑफ आहे, येते.

तुमची,
नर्सिंग होमवाली