पेहरावाच्या परिपत्रकाविषयी मैत्रिणीस पत्र

प्रिय सखे,

सप्रेम नमस्कार.

सरकारी कार्यालयातल्या आस्थापना शाखेचा, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-रजा पाहणाऱ्या शाखेचा, कार्यभार घेतलास, मनापासून अभिनंदन. पहिल्याच आठवड्यात पेहरावाचा विषय तुझ्या टेबलावर आला आणि कोणाला काय सांगायचं, कशाच्या आधारावर सांगायचं, असं तू विचारलंस. उत्तर लांबलं आहे, कारण या विषयात ऐकीव गोष्टी फार आहेत आणि त्यांचा त्रास खालच्या माणसाला होतो.

आधी कागद काढ. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाचं ८ डिसेंबर २०२० चं परिपत्रक हा मूळ आधार. त्यात महिलांसाठी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, ट्राउझर पँट आणि तिच्यावर कुर्ता किंवा शर्ट, एवढं सगळं चालतं असं लिहिलं आहे. पुरुषांसाठी शर्ट आणि पँट. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे किंवा चित्रं असलेले कपडे नकोत. जीन्स आणि टी-शर्ट नको. पायात स्लिपर नको. महिलांना चप्पल, सँडल, बूट. पुरुषांना बूट किंवा सँडल. आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी. पुढे २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी मागे घेतली, टी-शर्टवरची ठेवली. हे दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये, एकामागे एक लाव. बरेच जण पहिलाच कागद दाखवून जीन्सवरून माणसाला अडवतात, आणि समोरच्याला दुसरा कागद माहीत नसतो.

दुपट्ट्याचं बघ. परिपत्रकात त्याच्याआधी "आवश्यकता असल्यास" असे शब्द आहेत. म्हणजे ट्राउझर आणि शर्ट घालून आलेल्या मुलीला "दुपट्टा कुठे आहे" असं विचारायला या कागदाचा आधार नाही. तसंच शर्ट खोचण्याचं. १५ मार्च २०२४ चा शालेय शिक्षण विभागाचा निर्णय शिक्षकांसाठी आहे आणि त्यात शर्ट खोचलेला हवा असं म्हटलं आहे. तो तुमच्या लिपिकांना लागू करू नकोस. एका विभागाचा नियम दुसऱ्याच्या गळ्यात घातला की तक्रार होते, आणि ती तक्रार योग्यच असते.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते कंत्राटी माणसांबद्दल. मूळ परिपत्रकातच कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागार यांचा वेगळा उल्लेख आहे, त्यामुळे तपासणी सुरू झाली की पहिली नजर डेटा एंट्रीच्या मुलांवर जाते. त्यांचं मानधन तुटपुंजं, ते हातात पडायलाही उशीर होतो. अशा मुलाला पहिल्या दिवशी नोटीस देऊ नकोस. दोन साध्या, फिक्या रंगाच्या पँटी आणि तीन शर्ट एवढ्यावर आठवडा निघतो, हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांग आणि पुढच्या मानधनापर्यंत वेळ दे. कॉलरचा टी-शर्ट आणि शर्ट यांतला फरकही समजावून सांग. पुढे पूर्ण उघडणारी बटणपट्टी असेल तो शर्ट. विणलेल्या ताणणाऱ्या कापडाचा, दोन-तीन बटणांचा, तो टी-शर्टच. निम्मे वाद इथे असतात.

महिलांशी बोलताना आणखी एक काळजी. एखादीच्या गळ्याबद्दल किंवा कपड्याच्या घट्टपणाबद्दल कोणत्याही पुरुष अधिकाऱ्याला तोंडी शेरा मारू देऊ नकोस. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात लैंगिक अर्थाचा शेरा हाही छळच आहे, आणि ती बाई अंतर्गत समितीकडे, म्हणजे कार्यालयातल्या अशा तक्रारींसाठीच्या समितीकडे, जाऊ शकते. सूचना सगळ्यांना मिळून, लेखी, परिपत्रकाच्याच शब्दांत काढावी. गरोदर बाई, पायाला दुखापत झालेला माणूस, मधुमेहामुळे पायाला जखम असलेला माणूस यांच्या पायात स्लिपर दिसली तर आधी कारण विचारावं.

आता कामाच्या दृष्टीने कपडा. पाच दिवसांच्या आठवड्यात वेळ पावणेदहा ते सव्वासहा, म्हणजे साडेआठ तास तोच कपडा अंगावर. शिवाय प्रवास. पंख्याखाली घाम वाळत राहतो, म्हणून पूर्ण पॉलिस्टर टाळावं. सुती किंवा सुती-मिश्र बरं. आवक-जावक सांभाळणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट नको. शिक्क्याच्या गादीची जांभळी शाई कफाला लागते. लागलीच तर पाणी न लावता कापसावर स्पिरिट किंवा सॅनिटायझर घेऊन टिपावं, चोळू नये. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला रंग जातो का ते पाहावं. प्रिंटरच्या टोनरचा, म्हणजे कोरड्या शाईचा, भुगा सांडला तर आधी कोरडाच झटकावा, मग गार पाणी. उष्णतेने तो धाग्याला चिकटतो, त्यामुळे डाग जाईपर्यंत इस्त्री फिरवू नये.

अभिलेख कक्षात जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बस्त्यांचं, म्हणजे जुन्या कागदांच्या गाठोड्यांचं, लाल फडकं पावसाळ्यात दमट झालं की रंग सोडतं आणि बस्ता छातीशी धरून आणला की फिक्या कपड्यावर पट्टा उमटतो. तिथे एक जुना सुती कोट किंवा ॲप्रन खुंटीला कायम असावा, आणि मास्क. साडी नेसणारीने त्या दिवशी पदर खांद्याला पिन करून कमरेला खोचावा, निऱ्या घोट्याच्या वर घ्याव्यात. शिडीवर पाय अडकतो तो निऱ्यांतच. दुपट्टा दोन्ही खांद्यांना पिन केलेला बरा, कारण चाकाच्या खुर्चीत त्याचं टोक गुंडाळलं जातं आणि मानेला हिसका बसतो. कुर्त्याला खिसा शिवून घ्यायला आवर्जून सांग. ई-ऑफिस, म्हणजे संगणकावरच्या फाइली, आल्यापासून डिजिटल स्वाक्षरीचं पेनड्राइव्हसारखं टोकन आणि कपाटाच्या किल्ल्या जवळ बाळगाव्या लागतात, आणि ते टेबलावर राहणं धोक्याचं.

पंचनाम्याला किंवा निवडणुकीच्या कामाला निघालेल्यांकडे चकचकीत बुटांची अपेक्षा ठेवू नकोस. चिखलात घट्ट पट्ट्याची सँडल किंवा रबरी तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा. निवडणुकीत कोणत्याही पक्षाच्या चिन्हाची किंवा रंगाची शंका येईल असा कपडा, रुमाल, टोपी काही नको.

शिपाई आणि वाहनचालक यांचा गणवेश वेगळा पाहा. आपल्याकडे शिपायाला पट्टेवाला म्हणतात ते त्याच्या अंगावरच्या पट्ट्यामुळे. लोक त्यालाच आधी शोधतात, कारण कोणता साहेब कुठे बसतो हे त्यालाच विचारता येतं. गणवेश उशिरा मिळाला की सगळ्यांच्या नजरेत दोष मात्र त्याचा. मागणीपत्र आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच जाऊ दे, आणि मापं दरवर्षी नव्याने घे. जुन्या मापावर शिवलेली पँट कमरेत बसत नाही, मग ती कपाटात पडून राहते आणि माणूस घरच्या कपड्यात येतो.

वरिष्ठांपैकी कोणाला न्यायालयात हजर व्हायचं असेल तर हेही लक्षात असू दे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२४ च्या निकालात कार्यपद्धती घालून दिली. अधिकाऱ्याने त्याच्या कार्यालयाला ठरवून दिलेल्या पेहरावाचा भंग केला नसेल, तर न्यायालयांनी त्याच्या कपड्यांवर शेरे मारू नयेत, असं त्यात आहे. म्हणून त्या दिवशी परिपत्रकात बसणारा साधा शर्ट-पँट पुरेसा. परिपत्रकाची प्रत सोबत असू दे.

ओळखपत्र छातीवर दिसायलाच हवं. ते पोटावर लोंबतं, उलटं फिरतं, किंवा खिशात राहतं. दोरी आखूड करून क्लिपने खिशाला लाव असं सांग. साडीवर डाव्या खांद्याच्या पिनेजवळ. खिडकीसमोर दोन तास उभ्या असलेल्या माणसाला कापडाच्या रंगाशी घेणंदेणं नसतं, आपला अर्ज कोणी घेतला ते नाव त्याला हवं असतं. पेहरावाच्या तपासणीत मी तरी हे सगळ्यात वर ठेवीन.

राहिली शुक्रवारची खादी. हातमाग आणि खादी एक नव्हे. खादीचं सूत हाताने कातलेलं आणि कापड हाताने विणलेलं असतं. हातमागाचं सूत गिरणीचं असू शकतं. म्हणून घेताना खादी मार्क पाहावा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच असेल तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण अडीच मीटर लागतं, उंच माणसाला पाव मीटर जास्त. शिंप्याकडे देण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवायचं. ते न केल्यामुळे पहिल्या धुण्यात बाह्या आखूड होतात आणि "खादी टिकत नाही" असा बोभाटा होतो. रंगीत खादी पहिल्या दोन-तीन वेळा वेगळी धुवावी. पावसाळ्यात खळ घालू नये, ओलाव्याने कापड चिकट होतं आणि बुरशीचे ठिपके पडतात. प्रत्येकाला दोन जोड पुरतात. २ ऑक्टोबरच्या आसपास खादी भांडारांत सूट असते, तेव्हा सगळ्यांना आधी आठवण करून दे, म्हणजे कंत्राटी मुलांनाही परवडेल.

सूचना काढशील तेव्हा मसुदा मला पाठव. एका पानापेक्षा मोठा करू नकोस, आणि खाली दोन्ही कागदांचे दिनांक लिहायला विसरू नकोस.

घरी सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझीच,
मैत्रीण