रविवारच्या बैठकीची आठवण : 'द विडोज ऑफ मलबार हिल'

सर्व वाचक सदस्यांना नमस्कार,

चतुर्थीमुळे राहून गेलेली चर्चा येत्या रविवारी सायंकाळी ४ वाजता, पणजीत नेहमीच्याच ठिकाणी. सुजाता मॅसी यांची ही २०१८ ची रहस्यकथा कृपया संपवूनच या. खुनी कोण, हे मात्र तोवर गटावर लिहू नका. काही जणांचे वाचन अजून अर्ध्यावर आहे.

काळ १९२१ चा, शहर मुंबई. तरुण पारशी वकील परवीन मिस्त्री वडिलांच्या कचेरीत काम करते, पण बाई म्हणून कोर्टात उभी राहू शकत नाही. पडद्यातल्या तीन विधवांनी आपला वारसाहक्क सोडल्याच्या कागदावरच्या सह्या तिला खटकतात. जनान्यात पुरुष वकिलाला प्रवेश नाही, तिला आहे. ज्या बाईपणाने कोर्टाचे दार बंद केले, त्यानेच तपासाचे दार उघडले, ही गुंफण मला फार आवडली. परवीनमागची प्रेरणा नाशिकला जन्मलेल्या, सुरुवातीच्या स्त्री वकिलांपैकी एक, कॉर्नेलिया सोराबजी. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची कायद्याने मुभा मिळाली ती १९२३ साली.

एक विनंती. आपल्याकडे गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने लेकीलाही वाटा दिला. तरी घरोघरी तो हक्क सोडल्याच्या सह्या कशा घेतल्या गेल्या, हे आज्या-मावश्यांना विचारून या. नावे सांगायची गरज नाही.

ग्रंथालयाची प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत परत करावी, दोघी थांबल्या आहेत.